मुळाकडची बाजू

बस सिग्नलला थांबली आणि टोपवाल्याने सवयीने खिडकीतून एक डोकं मोजलं. चाळीस वर्षं केसांचे टोप करत आल्याची सवय. माणूस दिसायच्या आधी त्याला डोकं दिसायचं, आणि लग्नकार्यात कुणी ओळख करून दिली की नाव विसरायचा पण कपाळाची रुंदी लक्षात राहायची. रस्त्याच्या पलीकडे फळांच्या गाडीपाशी एक बाई पाठमोरी उभी होती. डोक्यावर केस म्हणून नव्हता, आणि ती भर अकराच्या उन्हात आरामात संत्री निवडत होती. घेर छप्पन्न सेंटिमीटर, त्याने मनात धरलं, फार तर साडेछप्पन्न. मागून चपटं, म्हणजे लहानपणी सदा उताणं निजवलेलं पोर. मानेपाशी जाळी थोडी आत घ्यावी लागेल. डाव्या कानामागे एक तीळ होता, तांदळाएवढा, आणि तो तीळ दिसल्यावर त्याला वाटलं की हा आपण कुठेतरी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, फीत फिरवताना बोटाखाली लागलाय. तेवढ्यात फळवाला काहीतरी बोलला आणि बाई हसली. खांदे वर उचलून, मान मागे टाकून हसली. त्या हसण्याबरोबर डोक्याला धड जोडलं गेलं, धडाला साडी, साडीला घर, आणि ती त्याची बायको झाली. बस सुटली.

जाळीचा गुंडाळा काखेत मारून तो पुढच्या थांब्यावर उतरला आणि उलटा चालत आला, जवळजवळ पळतच. तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणतात ते शब्दशः खरं असतं हे त्याला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळत होतं. आग खरोखरच पायातून चढत होती, गुडघ्यात थोडी थांबत होती. गाडीपाशी आता कुणी नव्हतं. "आत्ता इथे एक बाई होत्या," तो धापा टाकत म्हणाला. फळवाल्याने संत्र्यांवर पाणी शिंपडलं. "कोण, त्या केस नसलेल्या ताई? त्या गेल्या की. रोज येतात. फार हसऱ्या आहेत." रोज, फळवाला म्हणाला. टोपवाल्याला हा एक शब्द घशात माशाच्या काट्यासारखा रुतला. रोज याचा अर्थ आज पहिल्यांदा नाही. रोज याचा अर्थ पानवाला, इस्त्रीवाला, औषधाच्या दुकानातली पोरगी, समोरच्या इमारतीचा पहारेकरी, सगळ्यांना ठाऊक. आणि दिव्याखाली अंधार तसा एकट्या त्यालाच पत्ता नाही. तीन गल्ल्यांवरून लोक त्याच्याकडे यायचे. उपचारांत केस गेलेल्या बाया रुमाल बांधून जिना चढायच्या आणि अर्ध्या तासाने आरशात बघून रडायच्या, चांगल्या अर्थाने रडायच्या. आणि त्याच टोपवाल्याची बायको उघडं डोकं घेऊन बाजार करते. शिंप्याची बायको नागवी हिंडावी तसं.

उघडं डोकं म्हणजे नागवेपणा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, एका थोबाडीत कळलं होतं. एकोणीस वर्षांचा असताना तो एका नाटक कंपनीत टोप सांभाळायचा. विंचरायचे, लाकडी डोक्यांवर चढवायचे, नटांच्या कपाळाला डिंक लावून चिकटवायचे. एका प्रयोगात राजाने आवेशाने मान झटकली आणि टोप सुटून सिंहासनामागे पडला. राजाच्या टकलावर दिवा चमकला. सातशे माणसं हसली. असं हसणं त्याने पुन्हा कधी ऐकलं नाही. त्यात आनंद नव्हता, दात होते. विंगेत आल्यावर मालकाने त्याच्या कानाखाली वाजवली, आणि राजा, साठीचा म्हातारा, खुर्चीत बसून दोन्ही तळव्यांनी डोकं झाकून घेत होता, प्रेक्षक नव्हते तरी. थोबाडीतीचं त्याला काही वाटलं नाही. ते तळवे मात्र त्याच्या डोळ्यांपुढून हलले नाहीत. पुढे कंपनी बुडाली, तो घरीच काम करू लागला, बाहेरच्या खोलीत सोळा लाकडी डोकी ओळीने आली, आणि त्याने ठरवलं की आपल्या हाताखालून गेलेलं डोकं कुणाला झाकावं लागणार नाही.

आणि बायकोचा टोप तर त्याने जीव ओतून केला होता. तिचे केस गुडघ्याला लागायचे. लग्नात पाहिले तेव्हाच त्याचा श्वास अडकला होता, आणि तो नवऱ्याचा अडकला होता की कारागिराचा, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नाही. दवाखान्यातून आजाराचं नाव घेऊन आले त्या दिवशी त्याने वेणी कापली. लांब होती म्हणून मधोमध छेदून दोन भाग केले, दोन्हींच्या मुळाकडच्या टोकाला लाल दोरा बांधला. केसाला दिशा असते. मुळाकडची बाजू मुळाकडे आणि टोकाकडची टोकाकडे राहिली तर तो शंभर धुण्यांतही गुंतत नाही. एक मूठ उलटी मिसळली की सगळं डोकं काथ्यासारखं होतं. मग शहात्तर दिवस तो वाकलेला होता. आकड्याच्या सुईने जाळीच्या एकेका छिद्रात एकेक केस, कपाळापाशी एकेरी, मागे दोन-दोन, गाठीवर गाठ. बाकीची कामं मागे पडली. बालवाडीच्या एका बाईंचं माप घेऊन दीड महिना झाला होता, ती चिठ्ठी तशीच चौपन्नाच्या लाकडी डोक्याला टाचलेली होती. बाई दोनदा विचारून गेल्या, आणि त्याने दोनदा त्यांना वाटेला लावलं. आधी घरचं डोकं, असं तो म्हणाला होता, आणि म्हणताना त्याला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. आता ते शहात्तर दिवस त्याच्या पाठीत एकदम दुखायला लागले. केसाने गळा कापणे, ही म्हण ज्याने कुणी केली असेल त्याच्या घरी टोपाचाच धंदा असणार.

तो घरी पोचला तेव्हा ती यायची होती. मग जिन्यात चपला वाजल्या, मधल्या वळणावर थांबल्या, थोडा वेळ काहीच वाजलं नाही, पुन्हा वाजू लागल्या. दार उघडून ती आत आली. डोक्यावर टोप, भांग सरळ, पदर नीट. हातात कापडी पिशवी.

"लवकर आलात?" ती म्हणाली.

"पिशवी दाखव."

"संत्री आहेत."

"संत्र्यांखाली काय असतं रोज?"

 मग पिशवी टेबलावर ठेवून तिने टोप काढला, दोन्ही हातांनी, तो शिकवतो तसा मागून पुढे, आणि त्याच्यासमोर धरला. त्याने हिसकावून घेतला. आतली जाळी घामाने ओली नव्हती, म्हणजे दोन मिनिटांपूर्वीच चढवलेला. मानेकडच्या केसांत संत्र्याचं एक सुकलेलं पान होतं. गाठी दबल्या होत्या, उजवीकडे केस दुमडून उभे राहिले होते. याला थंड पाण्यात बुडवायचा, चोळायचा नाही, पिळायचा नाही, टॉवेलवर थोपटायचा, सावलीत स्टँडवर वाळवायचा, टोकांकडून वर विंचरायचा. हे तो परक्या बायकांना पाठ करून घ्यायचा, आणि हिने फळांखाली कोंबला.

"शहात्तर दिवस," तो ओरडला. "शहात्तर दिवस डोळे फोडले मी. आणि तू? लोक काय म्हणत असतील? टोपवाल्याची बायको अन् टकली! लाज वाटते का थोडी?"

"नाही वाटत," ती म्हणाली. "आधी वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटली."

"मग इथे तरी कशाला घालतेस? नाटक करायला?"

"तुमच्यासाठी घालते. जिन्यापर्यंत."

हे ती अगदी सरळ म्हणाली. राग अशा वेळी फार एकटा पडतो. समोरून राग आला तर त्याला बरं वाटतं. ती आत जाऊन पाणी प्यायली, परत आली, आणि लाकडी डोक्यांच्या शेजारी वेताच्या मोढ्यावर बसली. सोळा डोकी आणि सतरावं तिचं. त्यावर काळसर लव आली होती, हे त्याला आत्ता दिसलं. दर रविवारी तो तिच्या डोक्यावर केस कापायचं मशीन फिरवायचा. गेला रविवार ती बहिणीकडे गेली होती, त्याच्या आधीचा रविवार ताप आहे म्हणाली होती.

"वाढलेत," तो म्हणाला. "म्हणून टोप टोचत असेल. बस, मशीन फिरवतो. जाळी नीट बसेल."

"मशीनला हात लावू नका."

"अगं, जे काही चार केस येतात ते धड—"

"चार नाहीत. सगळे येतायत. ते गेलेच नव्हते." तिने हात मांडीवर ठेवले. "डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मला गोळ्या होत्या, सलाईन नव्हतं. या गोळ्यांनी केस विरळ होतात, जात नाहीत, असं म्हणाल्या. तुम्ही शेजारच्या खुर्चीत होतात."

"खोटं."

"घरी आल्यावर मी म्हटलं, अहो, डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. तुम्ही म्हणालात, डॉक्टरांना केसातलं काय कळतं, गळायला लागले की मातेरं होतं, जिवंत आहेत तोवर कापले पाहिजेत. आणि कात्री हातातच होती."

"मग नाही म्हणायचं होतंस! तोंड नव्हतं तुला?"

"त्या दिवशी मला मरायची भीती वाटत होती," ती म्हणाली. "केसांसाठी भांडायला जोर नव्हता. तुमचे हात कशात तरी गुंतले होते, म्हटलं, गुंतू देत. नंतर दर रविवारी वाटायचं, आज सांगू. तुम्ही मशीनला तेल घालत बसायचात. इतके खुशीत असायचात."

त्याने टोप टेबलावर आपटला. एवढं मात्र त्याने जन्मात कधी केलं नव्हतं. आणि तो निघाला, थेट दवाखान्याकडे, तिला खोटी पाडायला. रस्ताभर तो मनात तिच्याशी भांडत होता आणि जिंकत होता. बाया असंच करतात, मागाहून सगळं नवऱ्याच्या डोक्यावर मारतात. गेलेच नव्हते म्हणे. मग उशीवर काय होतं? पण उशीवर काय होतं ते त्याला आठवेना. उशीवर काही असायच्या आधीच वेणी कापलेली होती. त्याने आठवण पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिली, पत्ते पिसल्यासारखी, पण प्रत्येक वेळी कात्री आधी यायची. मग तो त्या आठवणीवरच चिडला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई नव्हत्या. खिडकीपाशी नर्स होती, आजार कळला त्या दिवशी होती तीच, जाड चष्म्याची. तिने त्याला ओळखलं. त्याने विचारलं, आणि विचारताना आवाज असा चढला होता की बाकावरची माणसं वळून बघू लागली.

"त्या गोळ्यांनी?" नर्स म्हणाली. "नाही हो काका. एखादीचे जातात, बाकीच्यांचे थोडे पातळ होतात, एवढंच. बाईंनी सांगितलं होतं ना तेव्हा. तुम्हाला दोनदा विचारलं होतं त्यांनी, काही शंका आहे का म्हणून. तुम्ही त्या समोरच्या पेशंटकडेच बघत होतात."

आणि मग त्याला ते दिसलं, नको असताना, लख्ख. समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती आणि तिच्या डोक्यावर कारखान्यातला टोप होता, नायलॉनचा, बाहुलीसारखा चमकणारा, भांगाच्या जागी शिवण दिसणारा. कुणी हे डोकं असं वाया घालवलं, असा त्याला संताप आला होता. त्याने मनातल्या मनात तो उसवला होता, जाळी बदलली होती, कपाळापाशी बारीक पांढरे केस ओवले होते. म्हातारी उठून गेली तेव्हाच तो भानावर आला, आणि बायको पर्स उचलत म्हणाली होती, निघायचं ना? त्या दहा मिनिटांत एक बाई त्याच्या बायकोला ती जगेल की नाही हे सांगत होती. त्याने ते ऐकलं नव्हतं. नर्स अजून काहीतरी बोलत होती, काकूंचे रिपोर्ट फार छान आलेत वगैरे. "तुम्हाला काय जातं बोलायला," तो तिच्यावरच खेकसला आणि बाहेर पडला.

पाच वाजता तो जिना चढला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. कदाचित काही बोलला नसता. टोप घेऊन बसला असता, वाफ देऊन दुमडलेले केस सरळ केले असते, आणि ते करताना काहीतरी सुचलं असतं. पण टेबलावर टोप नव्हता. छप्पन्नाचं लाकडी डोकंही रिकामं होतं. चौपन्नाच्या डोक्याला टाचलेली चिठ्ठी गेली होती.

"कुठंय?"

"बालवाडीच्या बाई आत्ताच येऊन गेल्या," बायको आतून म्हणाली. "उद्यापासून शाळेत रुजू व्हायचंय त्यांना. रडवेल्या झाल्या होत्या. म्हटलं, हा घ्या. मला नाही लागत."

"तो छप्पन्नाचा आहे! तिचं डोकं चौपन्न!"

"चार पिना लावून दिल्या."

चार पिना. शहात्तर दिवस आणि चार पिना. तो आला तसाच उलटा फिरला. जिन्यावर कठड्याला हात न लावता उतरला, कोपऱ्यावर वळला, आणि बसथांब्यावर त्याला ते केस दिसले. पाठमोरे. रांगेत सातवे किंवा आठवे. वारा होता, आणि ते हलत होते, खांद्यावरून पुढे यायचे, मागे जायचे. जिवंत केसांशिवाय असं कुणी हलत नाही. ही चाल त्याच्या ओळखीची होती. एकतीस वर्षं सकाळी न्हाऊन ती खिडकीपाशी उभी राहायची तेव्हा हे केस असेच हलायचे. ते दुसऱ्याच एका बाईवर हलत होते, आणि त्यांचं काही अडलेलं दिसत नव्हतं. जवळ गेला तसं त्याला दिसलं की कानाजवळ जाळी बोटभर सुटलीय, मानेपाशी फुगा आलाय, भांग डावीकडे ओढलाय. बाईंनी त्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काका! अहो, काकूंनी इतकं—"

त्याने हात घातला आणि टोप ओढला.

पिनांमुळे तो एकदम निघाला नाही. पहिल्या हिसक्याला बाईंची मान वाकडी झाली, दुसऱ्याला त्या ओरडल्या, आणि मग तो त्याच्या हातात आला. रांगेतली सगळी माणसं बघत होती. एक मुलगी मोठ्याने "ई" म्हणाली. कुणीतरी हसलं. बाईंचं डोकं उन्हात आलं, फिकट, निळसर शिरांचं, एका बाजूला पिनेने ओरखडलेलं, आणि त्यांचे दोन्ही तळवे वर गेले. तो टोप हातात घेऊन उभा राहिला. आता काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. ओढण्यापलीकडचा विचार त्याने केलाच नव्हता. केस त्याच्या मनगटावर पसरले होते, गार. "ढिला होता," तो म्हणाला. "मागून ढिला होता."

बाईंनी एक तळवा खाली घेऊन हात पुढे केला. "द्या," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण वर्गातल्या मुलाने दुसऱ्याची पेन्सिल घेतली की निघतो तोच होता. "काकूंनी मला दिलाय. द्या इकडे."

त्याने दिला. बसवून देऊ का, असं म्हणायला तोंड उघडलं, तर त्या एक पाऊल मागे सरल्या. त्यांनी तो स्वतःच चढवला, मागचा भाग पुढे, आणि ते कळल्यावर काढून पुन्हा चढवला. कुणीच मदत केली नाही. बस आली, रांग आत शिरली, त्याही गेल्या. एक पिन फुटपाथवर राहिली.

घरी बायको डाळीतले खडे काढत बसली होती. दिवा लावायला अजून अवकाश होता. तो लाकडी डोक्यांशेजारच्या मोढ्यावर बसला.

"भेटल्या का?" तिने विचारलं.

"भेटल्या."

"मग? घेतलंत का आवळून?"

 तिने ताट बाजूला ठेवलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या मनगटाला एक लांब केस चिकटला होता.

"मी ओढला," तो म्हणाला. "डोक्यावरून. बसच्या रांगेत, सगळ्यांसमोर." आणि मग, अजून थोडा राग शिल्लक होता म्हणून, "मला न विचारता दिलास कशाला तू?"

 तिने आरडाओरडा केला असता तर त्यानेही केला असता.

"माझ्या वेळी," ती म्हणाली, "निदान दार तरी लावलं होतंत तुम्ही."

मग ती उठली. आतल्या खोलीत कपाटाचं दार वाजलं. ती परत आली तेव्हा अंगावर घरचीच साडी होती, हातात मापाची ती चिठ्ठी. चिठ्ठीच्या पाठीवर पत्ता होता. दोऱ्याची आणि सुयांची पेटी तिने उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

"चला."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढायचा? उद्या सकाळी त्यांची शाळा आहे." ती चपला घालू लागली. "आणि हे बघा. तुम्ही बोलू नका. त्यांनी काही विचारलं तरच बोला. त्या नको म्हणाल्या, तर पेटी तिथे ठेवायची आणि मुकाट्याने परत यायचं."

तो उठला. जिन्यात ती पुढे होती, तो मागे. मधल्या वळणावर वरच्या मजल्यावरचा बँकेतला माणूस भेटला, भाजीची पिशवी घेऊन वर येत होता. त्याने तिच्या डोक्याकडे पाहिलं, मग टोपवाल्याकडे पाहिलं, आणि ओठाचा एक कोपरा हसला. टोपवाल्याने तोंड उघडलं. ती थांबलीही नाही, मागे वळलीही नाही, तशीच उतरत राहिली. त्याने तोंड मिटलं आणि पेटी दोन्ही हातांनी धरून तिच्यामागे उतरू लागला.